कांदळवनातील कुजबूज

आमच्या कन्येने आम्हां उभयतांस कांदळवनाचे अभयारण्य दाखविण्यास नेले, त्याच दिवशी दुपारी बारा वाजेपर्यंत तिला एका घरमालकास उत्तर कळवावयाचे होते. घर दोन खोल्यांचे, सहाव्या मजल्यावरचे, खिडकीतून खाडी दिसेल असे होते. आम्ही तिच्याकडे कायमचे राहावयास आलो तर ती ते घेणार होती; न आलो तर मैत्रिणीसमवेत एकाच खोलीत राहणार होती. उत्तर आम्ही द्यावयाचे होते, आणि तिच्याकडे येऊन तीन दिवस लोटले तरी आम्ही ते दिले नव्हते.

माझे उत्तर नकाराचे होते. माझ्या पत्नीस ते ठाऊक होते. परंतु जी मुलगी स्वतःच्या पलंगावर आईवडिलांना निजवून आपण जमिनीवर झोपते, तिला तोंडावर नाही म्हणण्याचे धैर्य मजपाशी नव्हते.

नकाराचे कारण सांगावयाचे तर प्रथम माझ्या कामाविषयी सांगितले पाहिजे. मी चौतीस वर्षे यंत्रमागाच्या शेडमध्ये माग चालविला. एका पत्र्याखाली साठ माग, आणि प्रत्येक मागाचा धोटा मिनिटास शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे आपटणारा. अशा ठिकाणी मनुष्याचा आवाज मनुष्यास ऐकू येत नाही. म्हणून आम्ही सारे ओठांनी बोलत असू. शब्दाला आवाज द्यावयाचा नाही, केवळ तोंडाचा आकार द्यावयाचा, आणि तो ठसठशीत द्यावयाचा. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ ओठांवर एकसारखे दिसतात, यास्तव ‘ब’ला हनुवटीस बोट लावावयाचे आणि ‘म’ला गालास. जॉबरचा, म्हणजे शेडच्या मुकादमाचा, उल्लेख करावयाचा असल्यास कान ओढून दाखवावयाचा, कारण तो सर्वांचे कान ओढी. माझी पत्नी त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरण्याच्या कामावर होती, आणि आमचा विवाह ठरण्यापूर्वीचे आमचे सर्व संभाषण शेडच्या दोन टोकांवरून, आवाजाविना झाले.

कान माझे पन्नाशीतच गेले. पत्नीचे अर्धे उरले आहेत. तथापि आमच्या वस्तीत यास कोणी व्यंग समजत नाही. तेथे दुकानदार ओठांनी बोलतो, शेजारीण गच्चीवरून ओठांनी बोलते, टपालवालासुद्धा दारात उभा राहून ओठांनी विचारतो. मी तेथे बहिरा नाही. कन्येच्या शहरात पाऊल ठेवताक्षणी मी बहिरा झालो. येथील माणसे ओठ न हलविता बोलतात आणि बोलताना भलतीकडे पाहतात. मी ‘काय?’ म्हटले की ती माझ्या पत्नीकडे वळून माझ्याविषयी विचारतात. कन्येने मला कानात घालावयाचे यंत्र आणून दिले, परंतु त्यात माणसांपेक्षा भांडीच अधिक बोलतात. ते मी खिशात ठेवीत असे.

ही ओठांची भाषा आम्ही कन्येस कधी शिकविली नाही. तिने शेडमध्ये जाऊ नये, शाळेत जावे, अशी आमची इच्छा होती; आणि खरे सांगावयाचे तर मुलीच्या कानावर जाऊ नये असे बोलणे तिच्या डोक्यावरून बोलण्यास ती भाषा घरात फार सोयीची पडे.

असो. कन्या पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. दर मंगळवारी याच खाडीच्या पाण्याच्या बाटल्या तिच्या टेबलावर येतात. दोन वर्षे ती त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत आली होती, परंतु त्या पाण्यात राहणारे पाणमांजर तिने पाहिले नव्हते. ते पाहण्याची तिला मोठी हौस. रजा काढून, सकाळच्या भरतीची वेळ पाहून, तिने आमची तिघांची नावे नोंदविली होती.

अभयारण्यात चिखलावरून लाकडी पूल केलेला आहे. दोन्ही अंगांस तिवराची झाडे, आणि झाडांखाली चिखलातून बोटभर लांबीची मुळे वर आलेली. ती मुळे श्वास घेतात, असे कन्या म्हणाली. मला ती फळीवर रांगेने उभ्या केलेल्या कांड्यांसारखी वाटली, आणि पत्नीकडे पाहताच तिलाही तसेच वाटले असल्याचे मला कळले.

“आई, बाबा, खाली बघा, खेकडे!” कन्या माझ्यासमोर येऊन, माझ्यासाठी मोठ्याने म्हणाली. “त्याची एक नांगी केवढी आहे बघा. ती हलवून तो मादीला बोलावतो.”

“आणि दुसरी?” मी विचारले.

“दुसरीनं जेवतो.”

“म्हणजे एक हात नुसता मिरवायला,” पत्नी म्हणाली. “असा एक मी पाहिलाय.”

कन्या हसली. मी हसलो. चिखलावर डोळे वटारलेल्या निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या. मासा असून त्या पाण्याबाहेर कशा राहतात, हे कन्या सांगू लागली, परंतु सांगताना ती पुढे चालू लागली आणि तिची पाठ माझ्याकडे झाली. अशा रीतीने मला निवटीविषयी अर्धेच ज्ञान प्राप्त झाले.

पुलाच्या टोकास, खाडीच्या काठावर, लाकडाची एक खोली आहे. आत एक बाक, आणि समोरच्या भिंतीस तोंडाच्या उंचीवर एक लांबट झरोका. त्यातून खाडी न्याहाळावयाची. मार्गदर्शक म्हणून एक तरुणी आमच्याबरोबर होती. दारात तिने सर्वांना थांबविले. तिचे बोलणे मला पत्नीने ओठांनी सांगितले, ते असे:

“आत गेल्यावर एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही. पाणमांजराचे कान फार तिखट असतात. तुम्ही शिंकलात तरी ते दिवसभर परत फिरकत नाही.”

आम्ही सात प्रेक्षक होतो. त्यातील एकाजवळ कोपरापासून बोटापर्यंत लांब असा कॅमेरा होता. तो मधोमध बसला. कन्या त्याच्या शेजारी, दुर्बीण डोळ्यांस लावून. आणि बाकाच्या टोकाला आम्ही दोघे.

अर्धा तास उलटला. सगळे मूक होते, आणि मला प्रथमच त्या शहरात बरे वाटले. खोलीत कोणीच बोलत नव्हते, म्हणजे माझे काही हुकतही नव्हते. भरतीचे पाणी मुळांत शिरत होते. पलीकडच्या फांद्यांवर पांढरे बगळे इतके बसले होते की धुतलेले कपडे वाळत घातल्याप्रमाणे झाड दिसत होते. पलीकडच्या काठाला एक होडी बांधलेली होती, आणि तीत एक म्हातारा नावाडी वल्हे मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जितके अंतर, तितकेच ते असेल.

पत्नीने माझा दंड टोचला.

“अकरा वाजत आले,” ती ओठांनी म्हणाली. “बाराला उत्तर द्यायचंय. सांगा तिला.”

“तूच सांग,” मी ओठांनी म्हणालो.

“मी का? बहिरे तुम्ही.”

“तू पण अर्धी आहेस.”

“अर्धी बहिरी असले तरी पुरती शहाणी आहे. मी सांगितलं तर तिला वाटेल आईलाच नको झालंय. मला चालेल इथं. नळाला पाणी येतं, गुडघा दुखत नाही. अडलंय तुमचं. तुम्ही सांगा.”

“घरी गेल्यावर पत्र लिहितो.”

“पत्र! बाराला उत्तर आणि हे पत्र लिहिणार! लग्नाचं विचारायला पण तुम्ही पाच महिने लावलेत. मीच विचारलं शेवटी.”

“हळू बोल.”

“हळू काय? कोण ऐकतंय इथं?”

तेव्हाच माझी दृष्टी सहज पलीकडे गेली. तो म्हातारा नावाडी होडीत उभा राहिला होता आणि त्याचे ओठ हलत होते. शहरातल्या माणसांसारखे अर्धवट नव्हे. पुरते, गोल, ठसठशीत.

“वहिनी बरोबर बोलताहेत,” तो म्हणत होता. “सांगून टाका की राव पोरीला.”

मला जे वाटले, त्याचे वर्णन करणे कठीण आहे. परक्या मुलखात आपल्याच घराची कडी कोणी आतून काढावी, तसे काहीसे झाले. पत्नीने पदर सावरला, जणू तो मनुष्य खरोखरीच आमच्या घरात शिरला होता.

“कुठली शेड?” मी विचारले.

“पाण्याच्या टाकीच्या मागची, बुटकी. एकोणीस वर्षं. तुमची?”

“टाकीच्या पुढची, लांब पत्र्याची.”

“म्हणजे आमच्या समोरचीच!” त्याने वल्हे खाली ठेवले, हात मोकळे केले, आणि मग तो थांबेचना. चहावाला आहे का, फाटकाजवळचे झाड तोडले की ठेवले, पाणी अजून एक दिवसाआड येते का, असे एकामागून एक विचारीत सुटला. शेवटी त्याने आपला कान ओढला. “जॉबर जिवंत आहे?”

“आहे. अजून शिव्या देतो.”

“मग त्याला माझी एक परत द्या.” आणि त्याने ती शिवी, एकही अक्षर न गाळता, ओठांनी उच्चारली. पत्नीने डोळे खाली घातले. आमच्या भाषेत कान झाकण्याची रीत तीच आहे.

“तुम्ही इथं कसे?” मी विचारले.

“चार वर्षं झाली. मुलगा इथं. कामाला ठेवलं, कारण मी गप्प बसतो.” तो हसला. “चार वर्षांत आज पहिल्यांदा बोलतोय.”

“इथले लोक?”

“चांगले आहेत,” तो म्हणाला. “मान हलवतात.”

हे सांगताना त्याच्या मुखावर दुःख नव्हते. असते तर मला सोसले असते. त्याने ते ‘इथलं पाणी खारट आहे’ म्हणावे तितक्या सहज सांगितले. मी त्याच्या जागी स्वतःला बसवून पाहिले.

“सांगा,” पत्नी म्हणाली.

“सांगा,” पलीकडून नावाडी म्हणाला.

मी निश्चय केला. कन्येचे लक्ष दुर्बिणीत होते. मी बाकावरून सरकत तिच्याजवळ गेलो, तिच्या कानाशी तोंड नेले, आणि इतरांस उपद्रव होऊ नये म्हणून कुजबुजलो.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेडमध्ये कुजबूज म्हणतात ती साठ मागांच्या आवाजात शेजाऱ्याच्या कानात पोहोचेल अशी असते. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि आयुष्यात मला दुसरी कुजबूज करावी लागलेली नाही.

“बाळ!” मी कुजबुजलो. “आम्ही तुझ्याकडं राहायला येणार नाही! इथं मी बहिरा आहे! तिथं नाही!”

समोरचे झाड एकाएकी हिरवे झाले, कारण त्यावरचे सर्व बगळे उडाले होते. पाण्यात दोन-तीन ठिकाणी भोवरे उठले. कन्येच्या हातातून दुर्बीण सुटून गळ्यातील पट्ट्याला लोंबू लागली. बाकावरील प्रत्येक मुख माझ्याकडे वळले होते. कॅमेरावाला काही बोलला. तो काय बोलला, हे पत्नीने मला आजतागायत सांगितलेले नाही.

मार्गदर्शक तरुणीने आम्हांस हात धरूनच बाहेर आणले. ती रागावली नव्हती, दमलेली दिसत होती. माझ्यासमोर उभी राहून ती सावकाश म्हणाली, “आजोबा, पाणमांजर येईल परत. आज नाही येणार, एवढंच.”

आम्ही तिघे पुलाच्या कठड्याशी उभे राहिलो. कन्या खाली चिखलाकडे पाहत होती.

“दिसलं का तुला?” मी विचारले.

“शेपूट दिसलं.”

“चुकलं माझं.”

“बाबा, तीन दिवस मी विचारतेय. घरी का नाही सांगितलंत? इथं, सगळ्यांदेखत...” पुढचे तिने तोंड वळवून म्हटले. मी पत्नीकडे पाहिले. पत्नीने ओठांनी मला ते सांगण्यास आरंभ केला, आणि कन्येने ते पाहिले.

“हे बघ,” ती वळून म्हणाली. आता ती अगदी माझ्यासमोर होती आणि तिचा एक एक शब्द मला दिसत होता. “हेच. तुम्ही दोघं आत्तासुद्धा काहीतरी बोलताय. मगाशी आतही बोलत होता ना? मी दुर्बिणीतून त्या होडीवाल्या काकांना बघत होते. मला वाटलं, बिचारे एकटेच बडबडताहेत.”

“ते आमच्या टाकीजवळचे निघाले,” पत्नी म्हणाली.

“मला लहानपणी काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, आपल्या घरात कुणी कुणाशी बोलतच नाही. मैत्रिणींच्या घरी भांडणं व्हायची, हसणं व्हायचं. आपल्याकडं नुसती तोंडं हलायची आणि मी मध्ये बसलेली असायचे. म्हणून तर म्हटलं, तुम्हाला इथं आणावं. निदान माझ्याशी तरी बोलाल.”

“अगं, आम्ही तर सारखे बोलत होतो,” पत्नी म्हणाली.

“कशाबद्दल?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. “बहुतेक तुझ्याबद्दलच,” मी म्हणालो.

“तुझा ताप, तुझे गणिताचे मार्क,” पत्नी म्हणाली. “तू त्या शेजारणीच्या मुलीबरोबर शाळा बुडवून फिरायला गेलीस, ते.”

“ते तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्या गल्लीला माहीत होतं. गच्चीवरून कळलं.”

कन्या हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “म्हणजे सगळ्या गल्लीला सगळं कळायचं,” ती म्हणाली. “त्या घरात बहिरी मीच होते.”

मी आजवर माझ्याच कानांचा विचार केला होता; माझ्या घरात कान असून ज्याला ऐकू येत नाही असे एक माणूस वाढत होते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“ठरलं,” मी म्हणालो. “घर घे. आम्ही येतो.”

मी हे मनापासून बोललो. सहावा मजला, ती भलतीकडे पाहून बोलणारी माणसे, सर्व काही त्या क्षणी मी पत्करले होते. पत्नीनेही मान डोलाविली.

तेवढ्यात खाडीच्या बाजूने पाण्यावर वल्हे दिसले. नावाडी होडी अलीकडे आणीत होता. पुलाजवळ येऊन त्याने उडालेल्या बगळ्यांकडे हात केला आणि ओठांनी विचारले, “सांगितलं?”

“सांगितलं,” मी ओठांनी म्हणालो.

“सगळ्या खाडीला कळलं म्हणायचं. मी बहिरा तेवढा सोडून.”

“काय म्हणाले ते?” कन्येने विचारले.

त्या भाषेतले वाक्य मी कोणास मोठ्याने सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. मी ते सांगितले. कन्येने हसू दाबण्यास तोंडावर हात ठेवला. मग तिने विचारले, “आणि आत असताना? तेव्हा काय म्हणत होते?”

मी सर्व सांगितले. टाकी, चहावाला, जॉबर. शिवी तेवढी वगळली. चार वर्षांत पहिल्यांदा बोललो, हेही सांगितले. लोक मान हलवतात, हेही सांगितले.

कन्येचे हसणे थांबले. ती नावाड्याकडे पाहू लागली. तो होडीचा दोर खांबास बांधीत होता आणि मध्ये मध्ये मान वर करून, आमच्यापैकी कोणी काही बोलते आहे का, ते पाहत होता. त्याची ती नजर मला आत झरोक्यातून दिसली नव्हती.

“आणि तुम्ही म्हणताय, येतो,” ती मला म्हणाली.

“येतो. सवय होईल.”

“त्यांना झालीय का?”

मी नावाड्याकडे पाहिले. तिने मनगटावरचे घड्याळ पाहिले. बाराला वीस मिनिटे उरली होती. तिने पिशवीतून फोन काढला, आणि सवयीप्रमाणे चार पावले दूर जाऊन आमच्याकडे पाठ केली. तिचे सर्व फोन आजवर मी पाठमोरेच पाहिले आहेत.

“तोंड इकडं कर,” मी म्हणालो. पत्नीने मला हळू बोलण्याची खूण केली, म्हणजे मी पुन्हा ओरडलो असणार. परंतु कन्या वळली. कठड्याला टेकून, माझ्याकडे पाहत, ती फोनवर बोलू लागली, आणि मी ते संपूर्ण वाचले.

“नमस्कार. घराबद्दल बोलायचं होतं. नाही, नको. ... घर आवडलं होतं हो. आईवडील येत नाहीयेत, म्हणून.” ती थांबली, पलीकडून काही विचारले गेले असावे. “नाही नाही, तब्येत चांगली आहे. आजारी वगैरे नाहीत. वडिलांना तिकडं ऐकू येतं.”

घरमालकास ते उमगले नसावे, कारण तिने तेच वाक्य पुन्हा एकदा, अधिक सावकाश उच्चारले. दोन्ही वेळा मला ते स्वच्छ दिसले.